साडेतीन आटे

"काका, अठराच नावं आहेत," मॅनेजर म्हणाला. "पितळी पाटी तयार होऊन आली. आता त्यात एक अक्षरसुद्धा घुसत नाही."

"एकोणीस होते."

"मग फोटोत मोजा."

त्याने तीस वर्षांपूर्वीचा फोटो माझ्यापुढे सरकवला. चषक मधोमध, भोवती अठरा पोरं, सगळ्यांची तोंडं दात दिसेपर्यंत उघडी. मी मोजलं नाही. जो फोटोत नाहीच तो मोजून कसा सापडणार?

"हा फोटो अजिंक्यपद जिंकलं त्या दिवसाचा," मी म्हणालो. "मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. हंगाम सुरू व्हायच्या आधीचं. एकेचाळीस सकाळी सराव झाला आणि एकेचाळीस सकाळी एकोणीस पोरं पळत होती. एकोणिसाव्याचं नाव पाटीवर पाहिजे."

"सरावाच्या पाट्या लावतात का काका कुठे?"

त्याचं वय तिशीचं. म्हणजे आम्ही चषक उचलला तेव्हा हा लंगोटात होता. आणि आता क्लबच्या खुर्चीत बसून मला इतिहास शिकवत होता. टेबलावर त्याने छापून घेतलेली रंगीत पुस्तिका पडली होती. तिच्यात लिहिलं होतं, 'हंगामापूर्वी संघाने अद्ययावत सुविधांनी सज्ज अशा शिबिरात कसून तयारी केली.'

अद्ययावत सुविधा! अरे, ती सुविधा म्हणजे मी. मी आणि माझा व्हॉल्व्ह.

"बरं, असं करू," मॅनेजर लहान मुलाची समजूत घालावी तसा म्हणाला. "तुम्ही ते पहाटे उठून मैदानावर पाणी मारायचात ना, ते लोकांना आवडतं. रविवारी पाटीच्या कार्यक्रमात दोन मिनिटं बोला. छान, गोड काहीतरी. मग झालं?"

गोड. मी उठलो आणि दार मुद्दाम उघडं टाकून बाहेर पडलो. त्याची गार हवा गेली तर जाऊ दे.

त्या वर्षी क्लबचं मैदान गटाराची लाईन टाकायला खणलेलं होतं. पोरांना पळायला जागा नव्हती. मास्तर, म्हणजे फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, शाळेत कवायत शिकवायचे. ते सायकल मारत पाण्याच्या टाकीवर आले. मी तिथे पंपावर कामाला होतो, रात्रपाळी. टाकीमागे ओसाड जमीन होती, वरवंटा फिरवल्यासारखी सपाट, पण पायाच्या घोट्याएवढी धूळ.

"धूळ बसवता येईल का?" मास्तरांनी विचारलं.

टाकी धुतली की तळचं पाणी बाहेर काढायला एक व्हॉल्व्ह असतो. त्याचं तोंड नेमकं त्या जमिनीकडे होतं. मी तीन रात्री करून पाहिलं आणि माप बसवलं. चाक साडेतीन आटे फिरवायचं, वीस मिनिटं पाणी सोडायचं, आणि बंद. पाणी पळत नाही, पसरतं. सहा वाजेपर्यंत जमीन अशी व्हायची की पाय टाकला की बसतो, पण उचलला की चिखल येत नाही. कोणी शिकवलं नव्हतं मला हे. पुस्तकात नव्हतं.

पहिले पंधरा दिवस मास्तरांनी चेंडू दाखवला नाही. नुसतं पळणं. टाकीच्या उतारावर वर, खाली, वर, खाली. मग एकमेकांना पाठीवर घेऊन वर, खाली. पोरं पंपाच्या भिंतीला धरून ओकायची आणि मास्तर घड्याळ बघत म्हणायचे, "ओकून झालं? चला, हलके झालात." मी खिडकीतून बघायचो आणि पोट धरून हसायचो. सोळाव्या दिवशी त्यांनी पोतं उघडून चेंडू टाकला तेव्हा एकोणीस पोरं अशी धावली, जसं काही आठवडाभर उपाशी ठेवलं होतं.

लोक मला विचारतात, अंतिम सामना पाहिलास का? पाहिला. पण चषकाचं काय, तो एका दिवसात उचलला जातो. संघ बनताना मी पाहिला. अजून एकही माणूस ओळखत नव्हता त्यांना, बक्षीस नव्हतं, टाळी नव्हती, तेव्हा ती पोरं अंधारात पळत होती आणि त्यांच्या पायाखालची जमीन मी ओली केलेली होती. माझ्या आयुष्यात त्याहून मोठं काही घडलेलं नाही. लाज कसली सांगायला?

त्यातला एकोणिसावा म्हणजे घोरपड. डावीकडचा बचावपटू. समोरच्याला एकदा चिकटला की सुटायचा नाही, म्हणून ते नाव. बेकरीत भट्टीवर काम करून तो थेट सरावाला यायचा, कोपरापर्यंत पीठ. येताना एक गरम पाव माझ्या खिडकीत ठेवायचा. "पाणीवाले, खा," म्हणायचा, "नाहीतर चाक फिरवायला जोर कुठून येणार?" त्या संघाचा कणा तोच होता. दमून कोणी बसलं की हा त्याच्या कॉलरला धरून उठवायचा. एकेचाळिसाव्या सकाळी त्याचा गुडघा गेला आणि संघ त्याच्याशिवाय हंगामात उतरला. संघ जिंकला, गाव नाचलं. घोरपड तेव्हा पलंगावर होता. नंतर कोणी फोटो मोठा केला, कोणी पाटी केली. त्याला कोणी मोजलंच नाही.

हे मी सगळ्यांना सांगत आलो. घरी, पंपावर, न्हाव्याच्या दुकानात. न्हावी तर म्हणायचा, "सराव आला वाटतं, मान खाली घाला." पण एकेचाळीस सकाळींपैकी मी चाळीसच सांगत आलो.

"मॅनेजर नाही म्हणाला?" घरी आल्याबरोबर बायकोने विचारलं.

"त्याच्या बापालाही लावावं लागेल नाव."

"तुमच्या डोक्याचे आटे ढिले झालेत," ती म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "अहो, ज्याचं नाव लावायला निघालात त्याला विचारलंत का कधी? का तुमचं आपलं बळेच?"

मला राग आला. कारण विचारलं नव्हतं.

दर शनिवारी मी घोरपडीच्या बेकरीत जातो. तीस वर्षं जातोय. त्याचा डावा पाय वाकत नाही, म्हणून मालकाने त्याला भट्टीवरून काढून उंच स्टुलावर बसवलं. तिथे बसून तो पाव कागदात गुंडाळतो. पाय समोर फळीसारखा.

"पाटी लागतेय," मी म्हणालो. "तुझं नाव नाही. मी भांडतोय."

"कोणी सांगितलं भांडायला?"

"अरे, हक्क आहे तुझा!"

"नाव लावल्यावर गुडघा वाकणार आहे का?" त्याने कागदाची घडी नखाने दाबली. "आणि लावायचं कशाला? माझ्याच चुकीने गेला तो. बायको म्हणत होती, नवे बूट घाल, शेवटचा दिवस आहे. मी म्हटलं, जुने नशिबाचे आहेत. खालचे खिळे झिजून गुळगुळीत झालेले. तेच घातले. घसरलो. स्वतःच्या हाताने पाय तोडला मी. असल्या मूर्खाचं नाव पाटीवर?"

तीस वर्षं दर शनिवारी मी या माणसासमोर उभा राहिलो होतो, आणि बुटांचं मला आज कळत होतं.

"बूट नाही," मी म्हणालो.

"काय?"

"बुटांनी नाही झालं. माझ्याने झालं."

मग मी सांगितलं. त्या दिवशी शेवटचा सराव बघायला उजाडायच्या आधीच माणसं आली होती. शंभर-दीडशे. मला हाका मारत होती. 'पंपवाले, आज कोण कोण खेळणार? मास्तर काय म्हणाले?' जन्मात पहिल्यांदा मला लोक काहीतरी विचारत होते. वीस मिनिटं चाकाजवळ कोण उभं राहणार? मी हिशेब केला. साडेतीनच्या जागी सात आटे, विसाच्या जागी दहा मिनिटं. पाणी तेवढंच. गेलो बाहेर, मिरवलो. परत आलो तर पाणी जोराने सुटून कोपऱ्यातली जमीन खरवडून गेली होती. डाव्या अंगाला, रेषेच्या आत, नुसता राडा. पाण्याला कुठे माझा हिशेब कळतो?

"मास्तरांना सांगायचं होतंस," घोरपड अगदी हळू म्हणाला.

"सराव बंद केला असता त्यांनी. एवढ्या लोकांसमोर माझी चूक..."

"म्हणून?"

"फावडं घेतलं. वर कोरडी माती पसरली. दिसायला नको म्हणून."

बेकरीत भट्टीचा पंखा घरघरत होता. घोरपड स्टुलावरून उतरला. त्याला उतरायला वेळ लागतो. आधी चांगला पाय, मग दुसरा हाताने उचलून. तो वेळ मी मोजत उभा होतो. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. माणसं असं म्हणतात. नाही म्हणाला. हातातला पाव त्याने भिंतीवर फेकून मारला.

"तीस वर्षं मी माझ्या पायांना शिव्या देतोय! बायकोने एकदाही बुटांचं नाव काढलं नाही, तरी तिच्याकडे बघायची लाज वाटते मला. आणि तू दर शनिवारी येऊन माझ्या हातचा पाव घेऊन जात होतास? घशाखाली उतरत होता तुझ्या?"

"तुझं नाव लागावं म्हणून तर मी..."

"माझं नाव लावून तू झोपणार होतास, भडव्या! वर अजून एकदा माती पसरतोयस!" त्याने दाराकडे बोट केलं. "चालता हो. आणि मला काय सांगतोस? जिथे मिरवलास तिथे सांग."

रविवारी क्लबच्या अंगणात मांडव, खुर्च्या, आणि गेटच्या दोन्ही बाजूंना कर्णे. अठरांपैकी अकरा जण आले होते. पोटं सुटलेले, केस गेलेले. मास्तर तर कधीच गेले. मॅनेजरने माईकवर माझी ओळख करून दिली, "आपले लाडके पाणीवाले काका!" आणि माझ्या कानात म्हणाला, "दोनच मिनिटं हं."

मला दोनसुद्धा लागली नाहीत. मी घोरपडीचं पूर्ण नाव घेतलं, आईबापांनी ठेवलेलं. ते ऐकून समोरच्या अकरांपैकी तिघांनी एकमेकांकडे बघितलं, की हा कोण? मग मी सात आटे सांगितले. फावडं सांगितलं. "त्याचा पाय नशिबाने गेला नाही," मी म्हणालो, "बुटांनी गेला नाही. मी घालवला. आणि ज्याच्या पायावर तुमचा हा संघ उभा राहिला त्याचं नाव या पाटीवर नाही. पाटी खोटी आहे. तुमचं पुस्तक खोटं आहे. आणि तीस वर्षं मी सांगत आलो तेही अर्धं खोटं होतं."

मी थांबलो. आता कोणीतरी उठेल, शिवी देईल, खुर्ची फेकेल. मी तयार होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. मागच्या रांगांत पोरं मोबाईल बघत होती, पुढच्या रांगेतल्यांना माझी दोन मिनिटं संपल्याचं कळलं, एवढंच. "किती भावुक आठवणी!" मॅनेजर माईकवर म्हणाला, आणि पडदा ओढला. अठरा नावं चकाकली. जुना गोलकीपर तेवढा टाळी न वाजवता मान खाली घालून बसला होता. मी खाली उतरलो. मला कोणाच्या तरी मुस्कटात मारायची होती, आणि हाताला जवळ फक्त माझंच मुस्कट होतं.

गेटबाहेर कर्ण्याखाली घोरपड उभा होता. काठी, इस्त्रीचा शर्ट. आत आला नव्हता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"ऐकलं," तो म्हणाला. "चल, जागा दाखव."

टाकी तिथून दहा मिनिटांवर. आम्हाला अर्धा तास लागला. तो पुढे, मी मागे. टाकीमागची जमीन आता क्लबची, गाड्या लावायला फरशी घातलेली. मी भिंतीतलं व्हॉल्व्हचं बुजवलेलं तोंड शोधलं, तिथून पावलं टाकली, आणि दोन गाड्यांच्या मध्ये थांबलो.

"इथून," मी म्हणालो. "ते तिथपर्यंत."

त्याने काठी मला धरायला दिली आणि त्या जागेवरून चालत गेला. चांगला पाय पुढे, दुसरा ओढत. या टोकाहून त्या टोकापर्यंत. फरशीवर त्याच्या बुटाचा घासल्याचा आवाज येत होता. मग वळून तसाच परत आला.

"नऊ पावलं," तो म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच."

त्याने माझ्या हातातून काठी काढून घेतली. बाहेर पडायला वीतभर उंचीची दगडी कड होती. मी पुढे जाऊन हात दिला. त्याने हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग काठी काखेत धरून, दोन्ही हातांनी आपला डावा पाय मांडीखाली उचलला, कडेवर ठेवला, आणि एक श्वास घेऊन स्वतःला वर ओढलं.

तो बेकरीच्या रस्त्याला लागला तरी माझा हात तसाच पुढे होता.