आवाज न करणारे दार

सुताराने पटाशीचे टोक चौकटीवरच्या नमद्याखाली सारले आणि मनगट जरासे वळवले. सहा महिन्यांपूर्वी त्यानेच चिकटवलेली ती जाड लोकरी पट्टी सुटायला तयार नव्हती. दारे आदळू नयेत म्हणून त्याने घरभर अशा पट्ट्या लावल्या होत्या, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घातल्या होत्या, बेल काढून टाकली होती. धाकटी रडली की निळी पडे. आधी ओठ, मग नखे. मग तिचे गुडघे तिच्या छातीशी दाबून धरायचे आणि रंग परतण्याची वाट पाहायची. तिला रडू द्यायचे नाही, एवढा एकच कायदा त्या घरात उरला होता, आणि शांतता तिथे बिऱ्हाड करून राहिली होती.

आता हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. आठ महिन्यांच्या त्या छातीवर गळ्याखालून उतरणारी एक रेघ होती. त्याने आजवर लाकडावर आखलेल्या कुठल्याही रेघेहून सरळ. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले होते की हिला काखेत धरून उचलू नका, डोक्याखाली आणि बुडाखाली हात घाला. आणि आता रडण्याला भिऊ नका. पहिली गोष्ट सगळ्यांनी तंतोतंत पाळली. दुसरी कुणालाच जमेना. धाकटीने नुसता ओठ काढला तरी बायको हातातले टाकून धावे.

"त्या पट्ट्या काढा ना आता," ती सकाळीच म्हणाली होती. "घर आहे की कापसाचं गोदाम?"

तो हो म्हणाला होता. पण हत्यार हाती घेतले ते वेगळ्याच कारणाने. चार दिवसांपूर्वी, धाकटीला घरी आणले त्या दुपारी, खोलीचे दार आतून लोटताना मध्येच अडले होते. काहीतरी मऊ आड आल्यासारखे. पट्टी फुगली असावी असे वाटून त्याने तळहाताने हलकेच जोर दिला. दार क्षणभर थांबले, मग निमूट बसले. त्यानंतर ते एकदाही अडले नव्हते. पण अडलेले दार सुताराच्या हातातून सहजासहजी जात नाही.

"मुकादम, पट्टी धरायला या," त्याने हाक मारली.

थोरली सहा वर्षांची होती. बाप काम करू लागला की कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहायची, राहिलेला खिळा दाखवायची. म्हणून ती मुकादम. आज ती पाळण्याजवळ जमिनीवर बसून राहिली.

"मी रंगवतेय."

डाव्या हाताने रंगवत होती. दोन दिवस हे नवे खूळ त्याच्या नजरेस येत होते. उजवा हात फ्रॉकच्या खिशात होता.

पट्टी सोलत तो कमरेच्या उंचीपर्यंत आला आणि थांबला. तिथे नमदा चपटा झाला होता. त्याच्या कडेला एक तपकिरी डाग वाळून कडक झाला होता. सुताराने तो अंगठ्याने चाचपला. गंज असावा म्हणावे, तर जवळपास खिळा नव्हता. सवयीने त्याने डागाची उंची नजरेत घेतली, आणि तीच उंची घेऊन त्याची नजर पाळण्याजवळ बसलेल्या मुलीकडे वळली.

पटाशी खाली ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हात बघू."

तिने आधी पाळण्याकडे पाहिले. मग हात खिशातून सावकाश बाहेर काढला. मधल्या बोटाला नमद्याचा एक तुकडा गुंडाळला होता, त्यावर दोरा. दोरा त्याच्याच डब्यातला होता. आतले नख पुरते काळे पडले होते.

"कधी लागलं?"

"बाळ आलं तेव्हा. मी दारातून बघत होते."

"मग ओरडली का नाहीस?"

एवढे साधे याला कसे कळत नाही, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिले.

"बाळ निळं झालं असतं ना."

सुताराने आपला उजवा तळहात उघडला आणि पुन्हा मिटला. दाराचा तो मऊ अडथळा त्यात अजून होता.

"आता रडलीस तरी चालेल," तो म्हणाला.

तिने नकारार्थी मान हलवली आणि पाळण्याकडे बोट दाखवले.

तो उठला. उरलेली पट्टी त्याने एका हिसक्यात ओरबाडून काढली, दार भिंतीपर्यंत मागे नेले आणि सगळा जोर लावून लोटले. सहा महिन्यांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. खिडकीच्या काचा थरथरल्या. धाकटी दचकून जागी झाली आणि किंचाळून रडू लागली.

बायको ओल्या हातांनी दार ढकलून धावत आली. त्याने तिच्यापुढे हात आडवा धरला.

"थांब."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? सोडा."

"थांब जरा."

थोरली पाळण्याशी गेली होती. टाचा उंचावून, कठड्याला डाव्या हाताने धरून ती बहिणीच्या तोंडाकडे पाहत राहिली. रडणे चढत गेले; खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन परत येऊ लागले.

"गुलाबीच आहेत," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. काम तपासून झाल्यावर सांगायची, तसे. "ओठ."

मग तिने दुखरा हात पोटाशी घेतला, आणि तिचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला.