करड्या रंगाखालची लाल भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. रॉटरडॅममध्ये कालव्याच्या काठी एक चार मजली इमारत आहे, तिची दर्शनी बाजू म्हणजे मी. आज मी करडी दिसते, पण जन्माची लाल, अगदी पिकल्या टोमॅटोसारखी! साध्या विटांच्या घरांच्या रांगेत असं लाल व्हायला छाती लागते, असं माझा आराखडा काढणारी बाई म्हणायची.

सुरुवातीला माझे फोटो मासिकांत छापून आले. परगावची माणसं माना वर करून बघायची. मीही जरा चढूनच गेले होते. पलीकडच्या काठावरच्या यानेकेबाईंचं मात्र माझ्याशी कधी जमलं नाही. आमच्याकडे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, त्यामुळे उठल्यापासून त्यांच्यासमोर मीच.

"घर आहे की सर्कशीचा तंबू? चारचौघांसारखं राहावं की!" त्या म्हणायच्या.

"अहो, माझ्या घरामुळे तुमच्या गालांना जरा लाली येते," माझ्या तळमजल्यावरचे हार्मेन चिडवायचे.

हार्मेननी जन्मभर मालवाहू नाव हाकली. बायको गेल्यावर ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग नावं, मग रस्ते. पाव घेऊन परतताना पुलावर थबकायचे, भांबावून बघायचे. मी दिसले की चेहरा खुलायचा आणि पावलं सरळ माझ्याकडे वळायची. फेम्केला, म्हणजे मुलीला, हे कळलं तर ती वृद्धाश्रमात ठेवील, या धास्तीनं त्यांनी कुणापाशी ब्र काढला नाही.

पुढे माझा रंग विटला, पोपडे निघाले. नवा रंग ठरवायला रहिवासी आणि शेजारी जमले. कॉफी आली, प्रत्येकी एक बिस्कीट मिळालं आणि डबा बंद झाला. कुणाला पांढरा हवा होता, कुणाला लालच. आमच्याकडे कुणाला डावलायचं नाही, सगळ्यांचं जुळेपर्यंत बोलत राहायचं. बोलता बोलता त्यांनी असा रंग निवडला, जो कुणालाच आवडत नव्हता, पण ज्याला कुणाची हरकतही नव्हती.

"बाबा, करडा चालेल ना?" फेम्केनं विचारलं.

हार्मेननी तिच्याकडे पाहिलं. "चालेल की. रंगाचं काय एवढं!"

मला ओरडून सांगायचं होतं, पण भिंतीचं कोण ऐकतं?

रंग वाळला त्याच आठवड्यात हार्मेन पाव घेऊन आले आणि माझ्यासमोरून पुढे निघून गेले. परत फिरले, पुन्हा गेले. यानेकेबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि घरातल्या सपातांवरच त्या धावत आल्या.

"बाई, इथं एक लाल घर होतं हो," हार्मेन रडवेले होऊन म्हणाले. "माझी बायको जेवायची थांबली असेल."

"हेच ते घर, हार्मेन. चला आत."

"म्हाताऱ्याची थट्टा करता होय? माझं घर लाल आहे!"

यानेकेबाई त्यांचा हात धरून तिथंच रडल्या. महिन्याभरात फेम्के बाबांना घेऊन गेली. दारातून निघताना त्यांनी मला परक्यासारखा नमस्कार केला.

मित्रांनो, रंगावरून खुशाल भांडा. मी नावडती असेन तर तसं तोंडावर सांगा. पण कुणाचीच हरकत नाही असं म्हणून उठण्याआधी, जो गप्प बसलाय त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला एकट्याला पुन्हा एकदा विचारा.