लोण्याच्या बरणीची भीती

"वाजवून बघा हो! तडा असला तर आवाजच सांगेल!"

भट्टीवाल्या काकांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यांनी माझ्या पोटावर टिचकी मारली, तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. तडा निघाला नाही, पण भीती मात्र कायमची आत राहिली. मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. दोन किलो लोणी मावेल एवढं माझं पोट, आणि काळीज मोहरीएवढं.

माझं आयुष्य एका छोट्या बेकरीत गेलं. मालकीण आत्या, आणि तिच्या हाताखाली तिची भाची. ओव्हनपासून लांबच्या फळीवर माझी जागा होती. आत्या रोज सकाळी मला पुसताना गुणगुणायची,

"सावलीत बस गं बरणीबाई,
उन्हाला माया कुणाची नाही."

मग झाकण काढून, डोळे मिटून ती लोण्याचा वास घ्यायची. तिने मान डोलावली की माझा जीव भांड्यात पडायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "हिचं लोणी पावावर आपोआप पसरतं!" मी मनातून फुलून जायची.

थंडीत ते खरंही होतं. थोडंसं खारं लोणी माझ्यात दोन दिवस सुखाने राहायचं. पण उन्हाळा आला की भाची कुरकुरायची.

"आत्या, आता तरी फ्रीजमध्ये ठेव."

"फ्रीजमधलं लोणी म्हणजे वीट. पावाला लावायचं की भिंतीला?"

"आणि बाहेरचं दुपारी तेल होतं, त्याचं काय? दिव्यात घालू?"

दोघी हसायच्या. शेवटी उन्हाळाभर लोणी फ्रीजमध्ये जायचं आणि लागेल तेवढंच अर्धा तास आधी माझ्यात यायचं. मित्रांनो, तुम्हीही असंच करा. आणि जुनं लोणी तळाशी असताना वर नवं कधीच घालू नका. आम्हा बरण्यांना त्याची फार धास्ती वाटते.

मागच्या थंडीत आत्या तापाने पंधरा दिवस अंथरुणावर होती. उठली ती वेगळीच. आता ती वास घेताना डोळे मिटेना. भाची जवळ असली की झाकण काढायची आणि भाचीच्या चेहऱ्याकडे बघायची. भाचीने नाक मुरडलं नाही, की म्हणायची, "ताजं आहे." मला शंका आली. पण सांगणार कशी? बरणीला तोंड असतं, जीभ नसते.

उन्हाळा लागला, तरी या वर्षी आत्या हट्टाला पेटली. लोणी बाहेरच राहिलं. तिसऱ्या दुपारी माझ्या पोटात खवट, आंबूस वास भरला. आणि नेमकी त्याच दिवशी बालवाडीची बिस्किटं करायची होती. साठ चिमुकली पोटं! भाची पाव पोचवायला गेली होती. आत्याने झाकण काढलं, नाक खाली नेलं आणि रिकाम्या खोलीला मोठ्याने सांगितलं, "चांगलं आहे."

वाटलं, फळीवरून स्वतःला लोटून द्यावं. पण तिने मला उचललं होतं. मैद्याच्या परातीवर मला तिरकं केलं, आणि लोणी माझ्या काठापर्यंत घसरत आलं.

दार उघडलं. भाची उंबऱ्यातच थबकली आणि तिने ओढणी नाकाला लावली.

"आत्या, थांब! वास घेतलास?"

"घेतला की."

"आत्या..." भाची जवळ आली. तिने मला आत्याच्या हातातून हळूच काढून घेतलं. "दारापर्यंत खवट वास येतोय गं. खरं सांग."

आत्या बराच वेळ पिठाचे हात पदराला पुसत राहिली. मग स्टुलावर बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तापानंतर मला कसलाच वास येत नाही. पाव करपला तरी कळत नाही. तुला सांगितलं असतं, तर तू मला ओव्हनपाशी उभं राहू दिलं असतंस का?"