गिलक्याच्या मांडवाखाली

मुलांना सत्य सांगणे हा शिक्षकाचा धर्म. पण सांगितलेले सत्य लहान हातांत पडल्यावर काय घडवील, याचा भार कोणी वाहावा, हे कोणत्याही पाठात लिहिलेले नसते. प्रतिभाबाई हजेरी घेत होत्या. तिसरीतल्या हर्षालीच्या नावाशी पेन अडखळले, आणि त्याच वेळी तिची आई सिंधुबाई अनवाणी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, हर्षाली साळंत आली का?"

"नाही. का हो?"

"सकाळधरनं घरात नाय. आन् फवारायचं औषध आणलं व्हतं, ती बाटली बी नाय."

बाईंनी हजेरी मिटली. फळ्यावर कालचे चित्र तसेच होते: फूल, फळ, बी, माती, गांडूळ, पक्षी, सारे बाणांनी एकमेकांत गुंफलेले. "यातले एक गेले तर?" असे विचारून त्यांनी आपल्याच हाताने मधमाशी पुसली होती. तेव्हा हर्षाली उठून म्हणाली होती, "बाई, आमचे आप्पा उद्या फवारणार हायेत." घंटा झाली होती. "उद्या बोलू हं," म्हणून बाईंनी खडू खाली ठेवला होता.

शेजारच्या वर्गातल्या सरांवर मुले सोपवून त्या सिंधुबाईमागे निघाल्या. गंगापूर रोडच्या नव्या इमारती मागे पडतात, तिथे त्यांचा मळा आणि त्यात गिलक्यांच्या, म्हणजे घोसाळ्यांच्या, वेलांचा मांडव. हर्षालीचा बाप, बहिरू, विहिरीच्या काठावर ओणवा होऊन पाण्यात पाहत होता.

"काय शिकवलं हो बाई पोरीला?" तो मान वर न करता म्हणाला. "रात्री जेवताना म्हणती, आप्पा, तुम्ही माश्या मारता. म्हनलं, अळीनं मांडव खाल्ला तर तू काय खाशील, पाला?"

बाईंनीही वाकून विहिरीत पाहिले. पाण्यावर काहीच तरंगत नव्हते, पण तेवढ्याने जिवाला स्वस्थता येत नव्हती. त्यांनी कठड्याचा दगड घट्ट धरला.

"अगं माझे बाय!" पलीकडून सिंधुबाईचा आवाज आला.

हर्षाली मांडवाच्या पार टोकाला, पिवळ्या फुलांखाली उकिडवी बसली होती. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. आईने ती हिसकावून घेतली. बाईंनी मुलीचे तळवे उघडून पाहिले, हुंगले. हनुवटी उचलून ओठ निरखले. मग बाटलीकडे पाहिले. झाकणाचे सील अभंग होते.

"फेकायची होती, तर इथं का बसलीस गं?" बाईंनी विचारले.

"विहिरीत टाकणार व्हते. पण तिथं कासव हाय." हर्षाली मातीकडे पाहत म्हणाली. "पाटात टाकली, तर सावळीरामकाकांच्या म्हशी पाणी पितात. मंग खड्डा खणला, तर गांडूळ निघालं." तिने आईच्या हातातल्या बाटलीकडे बोट केले. "बाई, ही ठिवायची कुठं?"

बहिरूही विहिरीवरून येऊन मागे उभा राहिला होता.

"सांगा आता, बाई," तो म्हणाला.

बाईंनी विहिरीकडे पाहिले, पाटाकडे, बांधाकडे. मांडवावर मधमाश्या फुलामागून फूल धुंडाळत होत्या. सिंधुबाई बाटली अंगापासून दूर धरून उभी होती. तिनेही ती खाली ठेवली नाही.

"मला नाही सांगता येत, बाळा," बाई म्हणाल्या, आणि मुलीशेजारी मातीतच बसल्या.

जे या फुलांवर येतात, जे या मातीखाली राहतात, आणि या दोहोंच्या आधाराने ज्यांच्या घरी चूल पेटते, त्या सर्वांना निर्भय जागा लाभो.