पंचविसावा खिसा

आमचे हे शिंपी. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणतो. हात असा, की विटलेला कोट उसवून उलटा शिवला तरी नवाकोरा दिसावा. पण दिलेली तारीख पाळणं त्यांच्या अगदी जिवावर येतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की तोंडून दोनच वाक्यं निघतात: "फक्त काजं-बटणं राहिलीत" आणि "उद्या या." लोक बारीक असताना मापं देऊन जातात आणि कपडे मिळेपर्यंत जाड होतात. मग मास्तर म्हणणार, "शरीर बदललं हो तुमचं, माझं माप बरोबर होतं."

अशा माणसाला मी आगमनकाळाचं कॅलेंडर शिवायला सांगितलं. म्हणजे माझंच डोकं फिरलं होतं.

त्याचं असं झालं, की लेकीने बाजारातून पुठ्ठ्याचं एक कॅलेंडर आणलं होतं. नाताळपर्यंत रोज एक दार उघडायचं. सासूबाईंनी पहिलं दार उघडलं तर आत चॉकलेट. "प्रभू काय गोळ्या वाटायला आला होता?" त्या कडाडल्या. चॉकलेट मात्र त्यांनीच खाल्लं.

मग ठरलं, आपलं आपण घरीच करायचं, आणि त्यात देवाधर्माचं काहीतरी असेल असं करायचं. एका कापडावर चोवीस खिसे. प्रत्येकात एक चिठ्ठी. वर सासूबाई शास्त्रातलं वचन लिहिणार, खाली मी त्या दिवसाचं काम लिहिणार, आणि कडेला लेक मेंढरं काढणार. तिला मेंढरांशिवाय काही येत नाही, आणि तीही ढगांसारखी दिसतात. संध्याकाळची प्रार्थना झाली की एकाने खिसा उघडायचा आणि निघेल ते काम त्यानेच करायचं. पाळी ठरली: आधी सासूबाई, मग लेक, मग मी, मग मास्तर.

कॅलेंडर पहिल्या तारखेच्या सकाळी हवं होतं. संध्याकाळी विचारलं तर उत्तर आलं, "काजं-बटणं राहिलीत."

"खिशांना कसली काजं न् कसली बटणं?" मी विचारलं. तेव्हा कुठे ते भिंतीवर लागलं. खिसे गिऱ्हाइकांच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून झाले होते. चौथा पोस्टमनच्या पँटचा, दहावा बँकेतल्या साहेबांच्या सुटाचा. दोघेही आपापल्या कपड्यांसाठी अजून खेपा घालत होते.

आता माझ्या मनात काय होतं तेही सांगते. मास्तरांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, दोन गल्ल्या सोडून राहते. पण तिच्या लग्नापासून तिने या घरात पाऊल टाकलेलं नाही. कारण नवऱ्या मुलाचा कोट मास्तरांनी शिवायला घेतला होता. लग्नाच्या सकाळी काय राहिलं असेल? काजं-बटणं. नवरदेव ऑर्गन वाजवणाऱ्या काकांचा कोट घालून वेदीसमोर उभा राहिला. काका आडवे, नवरदेव उभा. त्या कोटाचा खिसा फाटका, अंगठी त्यातून थेट अस्तरात गेली. फादर थांबले, सगळं चर्च थांबलं, आणि दोघे मित्र भर वेदीसमोर नवरदेवाला चाचपत राहिले. लोक हसले. वन्संना रडू कोसळलं. त्या दिवसापासून त्या बाजारातही मास्तरांकडे बघत नाहीत, आणि मास्तर ती गल्ली टाळून लांबून जातात.

सासूबाई मुलीला तिच्या घरी जाऊन भेटतात. पण ती आपल्या घरात, आपल्या टेबलावर जेवायला बसलेली त्यांना बघायची आहे. बाकी काही मागत नाहीत त्या.

म्हणून आठव्या खिशात, मास्तरांच्या पाळीला, मी लिहिलं: "ज्याला वाट पाहायला लावलीस, त्याच्या दारी स्वतः जा आणि माफी माग."

आठ तारखेला मास्तरांनी चिठ्ठी उघडली. चेहरा पडला. मग घसा खाकरून त्यांनी वाचलं, "घरातल्या सगळ्यांची तुटलेली बटणं लावावीत."

माणूस देवाच्या चिठ्ठीतही थाप मारतो! आणि पठ्ठ्याने खरंच रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांची बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी बाराव्या खिशातून माझ्या कागदाचं टोक बाहेर डोकावत होतं. ती पाळीही त्यांचीच. बाराला दोन चिठ्ठ्या हाताला लागल्या, त्यांनी बारावीची तेवढी वाचली आणि खिडक्या पुसल्या. माझी चिठ्ठी सोळाव्यात गेली, सोळाव्यातून विसाव्यात. गिऱ्हाइकाला टोलवावं तसे हे प्रभूला टोलवत होते. मी भांडायलाच निघाले होते, पण सासूबाईंनी हात धरला.

"अगं, ढकलू दे त्याला. खिसे संपतीलच की."

त्यांचा आपल्या मुलावरचा विश्वास जरा जास्तच निघाला. तेवीस तारखेला दुपारी पुढच्या खोलीत मशीन घरघरू लागलं. बघते तर भिंतीवरचं कॅलेंडर मशीनखाली! मास्तर त्याला पंचविसावा खिसा लावत होते. चांगल्या रेशमी अस्तराचा, पोस्टमनच्या नशिबी कधी आला नाही असा.

"हे काय चाललंय?"

"नाताळच्या दिवसाला नको का एक?" मास्तर मान वर न करता म्हणाले. "सणाचा दिवस बिनखिशाचा बरा दिसत नाही."

सासूबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी कापड मशीनखालून ओढलं, कात्रीचं टोक टाक्यांत घातलं आणि खिसा टरटर उसवला.

"पंचवीसला कसली वाट बघायची रे? तोवर प्रभू आलेला असतो." मग त्यांनी कात्री खाली ठेवली. "सगळ्यांना उद्या उद्या करतोस, कर. माझं आता उद्यावर भागत नाही. पोरीला या घरात बघायचंय मला."

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. ते आधीच थांबलेलं होतं.

चोवीसला त्यांनी माझी तीच चिठ्ठी मोठ्याने वाचली. जशीच्या तशी. कागद आता पार चुरगळला होता, लेकीचं मेंढरू घडीत अर्धं पुसलं होतं. वाचून झाल्यावर ते गळ्यातली टेपही न काढता निघाले. मीही निघाले. चौकातून मागे वळणारा माणूस आहे तो.

दार वन्संनीच उघडलं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. "तुझ्या लग्नाच्या दिवशी लोक तुला हसले, ते माझ्यामुळे. घरी ये गं. आई वाट बघतेय."

वन्संनी भावाला टेपपासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"उद्या," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

घरी येताना मास्तरांचा चेहरा उजळला होता. "उद्या म्हणाली!" या घराण्यातल्या उद्याचा अर्थ सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

नाताळच्या सकाळी चर्चमधून आलो. टेबल मांडलं. मास्तर खिडकीशी गेले, आले, पुन्हा गेले. जेवणं निवली. "येईल ना गं?" त्यांनी मला विचारलं, मग आईला, मग लेकीला. "कबूल केल्यावर माणसाने वेळेवर नको का यायला?" असंही एकदा म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला. पण दिवस कलला तशी त्यांचीही नजर दारावरून हलेना, आणि मला त्या चिठ्ठीचा पश्चात्ताप होऊ लागला.

दिवे लागायच्या वेळेला कडी वाजली. मास्तर धावले.

दारात वन्सं, त्यांचा नवरा आणि दोन मुलं. सगळे नटूनथटून, काही घाई नसल्यासारखे उभे.

"अगं, केवढा उशीर!" मास्तर रडवेले होऊन म्हणाले. "सकाळपासून डोळे लावून बसलोय."

"हो रे दादा," वन्सं आत पाऊल टाकत म्हणाल्या. "काय करणार? काजं-बटणं राहिली होती."