म्हैसूरची गाडी

"अगंबाई! राजा-राणी कुठं गेले?"

अनुसूयाबाईंचा आवाज पार जिन्याखाली ऐकू गेला. नवरात्राच्या बाहुल्या पायऱ्यांवर कशा ऐटीत उभ्या होत्या, पण सगळ्यात वरची पायरी मोकळी! लग्नात माहेरहून आलेली ती लाकडी जोडी. तिच्याविना बाहुल्या मांडणं म्हणजे नवरा-नवरीविना मांडव. आणि आरतीला गल्लीतल्या बायका आता येतीलच.

नवरा, उमाजीराव, गेल्यापासून बाहुल्या पेटीतच होत्या. यंदा येलहंक्याहून नात सिद्धी आली, पेटीवर फतकल मारून बसली आणि हलेचना, म्हणून बाईंनी त्या काढल्या. 'उमाजीअण्णा गेले आणि घराची रया गेली,' असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पलंगाखाली पाहिलं, देव्हाऱ्यामागं पाहिलं. शेवटी शिलाई मशीनखालून आवाज आला, "झुकझुक, झुकझुक!"

मशीनच्या पायानं चालवायच्या पायट्यावर राजा-राणी शेजारी शेजारी, पडू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधलेले. राणीच्या डोक्यावर ब्लाऊजच्या चिंधीचा पदर. आणि सिद्धी दोन्ही हातांनी पायटा हलवतेय.

"सटवे! नाक तुटलं म्हणजे? आण इकडं!"

"अज्जी, स्वल्प थांब गं! मद्दूर स्टेशन आलंय. वडे खातायत ते."

"आणि निघालेत कुठं?"

"म्हैसूरला, दसरा बघायला. वर उभं राहून कंटाळले की ते!"

बाईंचा पुढं केलेला हात तसाच राहिला. दर दसऱ्याला उमाजीराव म्हणायचे, "अगं, यंदा तरी म्हैसूरला जाऊया की." आणि मशीनवरची मान वर न करता त्या म्हणायच्या, "सरी, जाऊया, एवढे ब्लाऊज होऊ द्यात." ब्लाऊज काही संपले नाहीत. माणूस तेवढा निघून गेला. बाईंचे डोळे भरून आले.

"अज्जी, रडतेस काय? वडा घे, गरम आहे. गाडी सुटेल!"

सिद्धीची मूठ त्यांच्या तळहातावर उघडली. आत काही म्हणजे काही नव्हतं. बाईंनी फुंकर मारली, घास तोंडात टाकला आणि ओरडल्या, "हाय हाय, भाजलं गं मेले!" सिद्धी खिदळत लोळायला लागली. तिचं बघून बाईही हसत सुटल्या, चष्मा नाकावरून घसरेपर्यंत. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता त्या सरळ फरशीवर बसल्या.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. शेजारची सौम्या आरतीचं ताट घेऊन आत आली, मागं आणखी चारजणी.

"अक्का, वरची पायरी रिकामी कशी? राजा-राणी कुठं?"

"म्हैसूरला गेलेत," मशीनखालून सिद्धीचं उत्तर आलं.

"अय्यो! मग आरती?"

"होईल की, काय घाई आहे?" बाई म्हणाल्या. "आधी त्यांना दसऱ्याचे हत्ती बघू द्यात."

अनुसूयाबाईंनी राणीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, तिला राजाच्या आणखी जवळ सरकवलं आणि हातानं हळूच पायटा दाबला.