कोळसेवाडीची खोली, एकास बारा

खोली दहा फूट बाय बारा फूट होती. आमच्या मापात एका फुटाचा एक इंच होतो, त्यामुळे माझ्या बाबांचं अख्खं बालपण पिझ्झाच्या मोठ्या खोक्यात मावलं. थोडी जागा उरली. तिथे मी चाळीचा नळ बसवला.

मी सुमित. दिवसा एका बँकेसाठी लोकांची कागदपत्रं तपासतो आणि संध्याकाळी वर्तकनगरच्या आमच्या घरी बाहुलीघर बनवतो. बाहुलीघर म्हटलं की लोक विचारतात, घरात लहान मुलगी आहे का? नाहीये. बाहुल्याही नाहीत. आमच्या 'एकास बारा मंडळा'त बाहुल्यांना बंदी आहे, कारण माणसं आली की चुका सुरू होतात.

मंडळाचे अध्यक्ष लिनो अंकल. वय एकाहत्तर. उत्तनला त्यांच्या आजोबांचं घर होतं, ते १९५२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जसं होतं तसं बनवताहेत. अकरा वर्षं झाली. सध्या काम थांबलंय, कारण घरातली मांजर त्या दिवशी गाभण होती की व्यालेली, याचा पुरावा मिळत नाहीये.

मंडळाचा चौथा नियम असा: प्रत्येक वस्तूला फोटो हवा. फोटो नसेल तर दोन साक्षीदार हवेत, आणि ते एकमेकांशी बोलत नसावेत. बोलणाऱ्या माणसांना हळूहळू एकच गोष्ट आठवायला लागते, असं लिनो अंकलांचं म्हणणं. या नियमापायी सगळ्यांची कामं अडतात. माझं कधी अडलं नाही. माझे बाबा भगवान आणि त्यांची मोठी बहीण कांताआत्या नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"असे साक्षीदार मिळायला नशीब लागतं बाळा," लिनो अंकल म्हणायचे. "जप त्यांना."

भांडण एका घड्याळावरून होतं. १९८३ साली हे लोक कल्याणला कोळसेवाडीत राहत असताना घरातलं भिंतीवरचं घड्याळ पडून फुटलं. बाबा अकरा वर्षांचे, आत्या तेरा. लोको शेडमध्ये कामाला असलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, दोघांना एकेक ठेवून दिली. विषय संपला. मग नऊ वर्षांपूर्वी आत्याच्या मुलीच्या, पायलच्या लग्नात बाबांनी दोन शब्द बोलायला माइक घेतला.

"आमची ताई पहिल्यापासून धांदरट. घड्याळ हिने फोडलं, मार मी खाल्ला."

सगळ्या व्याह्यांसमोर. आत्या स्टेजवर चढली आणि माइक हिसकावून म्हणाली, "घड्याळ ह्या भग्याने फोडलं." पुढची चौदा मिनिटं लग्नाच्या व्हिडिओत आहेत. व्हिडिओवाल्याने त्यांच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्यात.

मी खोलीसाठी १३ एप्रिल १९८३ची संध्याकाळ निवडली. दुसऱ्या दिवशी जयंती. आमच्यात जयंतीच्या आधी भिंतींना नीळ घालून चुना लावायचे. घर वर्षातलं सगळ्यात नेटकं असायचं, म्हणजे बनवायला वस्तू कमी. घड्याळही त्याच संध्याकाळी फुटलेलं. मी वेळ धरली घड्याळ फुटायच्या पाच मिनिटं आधीची. शाबूत घड्याळ कोणाची बाजू घेत नाही.

बामच्या डबीची ट्रंक केली, पेनाच्या टोपणाचा स्टोव्ह. जुन्या साडीची गोधडी स्वतः शिवली. बुद्ध आणि बाबासाहेब पोस्टाच्या तिकिटाएवढे. जमिनीला मात्र खऱ्या शहाबादी फरशीचा तुकडा घासून बसवला. प्रत्येक वस्तू आधी बाबांना विचारायची, मग रविवारी बाइकवरून खडवलीला जाऊन आत्याला. दोघांचं जुळलं की चिकटवायची.

"तू त्यांचं भांडण मिटवणारेस की नाही?" आई एकदा म्हणाली.

"प्रदर्शनानंतर."

"अरे, नऊ वर्षं झाली!"

"मग अजून अकरा दिवसांनी काय होतंय? आत्ता मिटलं तर ट्रंकेपासून सगळं बाद होईल."

मी लोकांच्या आधार कार्डाकडे बघतो तसं आईने माझ्याकडे बघितलं.

शेवटी घड्याळ राहिलं. आईच्या कपाटात एक जुनं लेडीज मनगटी घड्याळ होतं. पट्टे काढले की अचूक मापाचं भिंतीवरचं घड्याळ. चालूही होतं. आईला मी विचारणारच होतो. प्रश्न जागेचा होता. बाबा म्हणत, खाटेच्या वर. आत्या म्हणे, दाराजवळ. पहिल्यांदाच साक्षी जुळेनात. मी ते तात्पुरतं खाटेच्या वर टांगलं आणि आत्याला फोटो पाठवला.

दीड तासात बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. दारात कांताआत्या, हातात डबा.

"सुमित, तुझ्या बाबांना सांग, बाजूला हो."

"बाबा, बाजूला व्हा."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "हिला सांग, चपला बाहेर."

आई भाजी आणायला गेलेली, त्यामुळे सगळा कारभार माझ्याकडेच होता. आत्या खोक्यासमोर बसली. मग एका बोटाने गोधडीला हात लावला.

"अगं बाई. ही तर माझीच गोधडी."

बाबा पलीकडून येऊन बसले. नऊ वर्षांचं अंतर दहा इंचांवर आलेलं. मी घाबरलो.

"घड्याळ इथे नव्हतंच," आत्या म्हणाली.

"खाटेवरच होतं!"

"चुन्याच्या आधी होतं रे. चुन्याला भिंतीवरचं सगळं उतरवलेलं ना? मग आबांनी नवा खिळा ठोकला. दाराजवळ. शेडला निघताना टाइम दिसावा म्हणून."

बाबांनी दाराजवळच्या भिंतीवर बोट ठेवलं. "स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर," ते हळूच म्हणाले. "आई सांगत होती, तिथे नको. चावी द्यायला मला स्टूल लागणार होतं."

"मलापण."

मी घड्याळ दाराजवळ साडेपाच इंचांवर टांगलं. साक्षीदार एकमेकांशी थेट बोलले, याची फायलीत नोंद केली.

"म्हणजे स्टुलावर तू चढलेलीस," बाबा म्हणाले.

"मी स्टोव्हला पिन मारत होते! दाराकडे पाठ माझी. तू चढलेलास."

"मी ट्रंकेत डोकं घालून जयंतीचा शर्ट शोधत होतो. आणि स्टूल कुठून? ते बाहेर वाळत होतं, चुन्याने माखलेलं."



"मग आवाज झाला," आत्या म्हणाली. "वळले तर घड्याळ खाली, समोर तू, आणि दारात आबा. 'कोणी फोडलं?' म्हणून ओरडताहेत. हातात फ्रेमवाल्याकडून आणलेला मोठा फोटो."

"दोन्ही हात भरलेले," बाबा म्हणाले.

"मग त्यांनी दार कसं उघडलं?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"लाथेने," दोघं एकदम म्हणाले.

"ढकल," आत्या बाबांना म्हणाली. "बाहेरून ढकल. आबांसारखं."

बाबांनी एका बोटाने आबांसारखं दार ढकललं. दार भिंतीवर आपटलं, घड्याळ खिळ्यावरून सुटलं आणि अस्सल शहाबादी फरशीवर पडलं. काच तडकली. काटे थांबले.

"आबाच!" बाबा म्हणाले. "आणि वर दोघांना मारलं!"

"आणि तू माझ्या व्याह्यांसमोर–" आत्याला पुढे बोलता येईना. ती हसत होती. बाबाही हसायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. आई भाजी घेऊन आली तेव्हा दोघं एकाच डब्यातलं खात होते. आईने पिशवी ठेवली आणि ती दारातच रडायला लागली. मीही रडलो असतो. माझे दोन्ही साक्षीदार गेले होते.

रविवारी डोंबिवलीला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. वेळ मी पाच मिनिटं पुढे नेलेली. पाटीवर लिहिलं, '१३ एप्रिल १९८३, आबा घरात शिरल्यानंतर'. तडकलेलं घड्याळ फरशीवरच ठेवलं. बाबा आणि आत्याला सगळं समजावून आणलेलं. ते एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

लिनो अंकल भिंग घेऊन आले. "घड्याळाला फोटो?"

"नाही. साक्षीदार आहेत."

"बोलत नाहीत ना अजून?"

"नऊ वर्षं अंकल," मी म्हणालो. नऊ वर्षं कधी संपली ते त्यांनी विचारलं नव्हतं.

"सुमित," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "या बाईंना सांग, पंख्याखाली उभ्या राहा. बीपी आहे त्यांना."

"आणि या गृहस्थांना सांग, कॉलर वळलीये," आत्या म्हणाली. पण तोवर तिने हात मागे नेऊन ती सरळ केलेली.

लिनो अंकलांनी भिंग खाली घेतलं. दोघांकडे बराच वेळ बघितलं.

"चुन्यात नीळ किती होती?"

"भरपूर," बाबा म्हणाले. "आभाळासारखी भिंत."

"आभाळ? चिमूटभर होती! आंधळा होतास काय रे?"

"तूच ओतलीस ना, अख्खी पुडी!"

"पुडी तू सांडलीस, भग्या! आणि नाव माझं सांगितलंस!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. लिनो अंकल चर्चमध्ये गाणं ऐकावं तसे डोळे मिटून ऐकत होते.

"अस्सल," ते म्हणाले. पहिल्या क्रमांकाच्या प्रमाणपत्रावर सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि प्रमाणपत्र शाई वाळायला टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात आई चष्मा लावून खोक्यात वाकली.

"सुमित, हे घड्याळ ओळखीचं वाटतंय."

तिने ते उचलून उलटं करून बघितलं.

"हे माझं लग्नातलं घड्याळ. कोणी फोडलं?"

बाबांनी आत्याकडे बोट दाखवलं. आत्याने बाबांकडे.

"ती म्हणाली ढकल!"

"म्हटलं म्हणून लगेच ढकलायचं?"

आई माझ्याकडे वळली. "तू सांग. तू होतास ना तिथे?"

"होतो," मी म्हणालो. "पण हे दोघं आता एकमेकांशी बोलतात. नियमाप्रमाणे त्यांची साक्ष धरता येत नाही."

हे मी जरा मोठ्याने बोललो. मागे लिनो अंकलांनी पेनाचं टोपण परत काढलं.